वर राहिलेला हात

सिंहस्थात शैव आखाड्यांची मिरवणूक त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्ताकडे निघते, तेव्हा राख फासलेल्या देहांच्या गर्दीत एखादा हात वेगळा दिसतो. बाकीचे हात त्रिशूळ पेलत असतात, डमरू वाजवत असतात, माथी टेकणाऱ्यांना आशीर्वाद देत असतात. हा एक हात मात्र नुसताच वर असतो. दंड वाळून मनगटाएवढा झालेला, बोटे तळव्यात मिटलेली, नखे वाढून वळलेली. जवळून पाहणाऱ्याला तो हात शरीराचा न वाटता शरीरात रोवलेल्या काठीसारखा वाटतो. असे व्रत घेणाऱ्याला ऊर्ध्वबाहू म्हणतात. जुना आखाड्याचे महंत अमर भारती यांनी १९७३ मध्ये उजवा हात वर केला आणि तो पुन्हा खाली घेतला नाही. त्याआधी ते नोकरी आणि संसार करणारे गृहस्थ होते, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

सांख्यांनी पाच कर्मेंद्रिये मोजली, त्यांत वाणीनंतर येतो तो हात. घेणे, देणे, धरणे, मारणे, कुरवाळणे ही सगळी कामे त्याच्याकडे. मग ज्याला कर्माच्या पाशातून सुटायचे आहे त्याने हातच थांबवला, तर कर्म थांबते का? हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि त्यावर शास्त्रांनी पुष्कळ लिहिले आहे. पण ज्या सांध्यावर हे व्रत प्रत्यक्ष घडते, त्या खांद्याची साक्ष सहसा कोणी काढत नाही. ती काढली, तर प्रश्नाचे रूपच थोडे बदलते.

माणसाचा हात धडाला हाडाने एकाच ठिकाणी जोडलेला आहे. गळ्याचे हाड छातीच्या मधल्या हाडाला जिथे येऊन टेकते, तो अंगठ्याच्या पेराएवढा सांधा, बस्स. मागचा फरा, म्हणजे खांद्याचे पाते, बरगड्यांना कुठेही हाडाने जोडलेला नाही. तो स्नायूंच्या गादीवर सरकत राहतो. या सरकत्या पात्याच्या बाहेरच्या कडेला एक उथळ खोबण आहे आणि तिच्यात दंडाच्या हाडाचा गोल माथा बसतो. बसतो म्हणणेही धाडसाचे आहे, कारण माथ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा एका वेळी खोबणीला टेकलेला असतो. शाळेच्या मैदानावर लिंबू-चमच्याची शर्यत धावलेल्या कोणालाही ही रचना लगेच कळेल.

सुश्रुताने सांध्यांचे आठ प्रकार सांगितले. कोपर, गुडघा, मनगट हे 'कोर', म्हणजे बिजागरीसारखे. काखेतला आणि जांघेतला सांधा 'उदूखल', म्हणजे उखळासारखा. उपमा घरातली आहे आणि अचूक आहे. फरक एवढाच, की जांघेतले उखळ खोल आहे आणि काखेतले जवळजवळ ताटलीसारखे. खुब्याने खोली पत्करली, म्हणून तो शरीराचा भार पेलतो. खांद्याने खोली सोडली, म्हणून हात पुढे, मागे, वर, आडवा, पाठीवर, डोक्यावर, कुठेही जातो. याची किंमतही खांदाच मोजतो: मोठ्या सांध्यांपैकी सर्वांत जास्त वेळा निखळतो तो हाच. शरीरातला सर्वांत मोकळा सांधा हा सर्वांत कमी सुरक्षित सांधा आहे, आणि ऊर्ध्वबाहू आपल्या व्रतासाठी निवडतो तो नेमका हाच.

हात बाजूने उचलून कानापर्यंत नेणे ही एक हालचाल वाटते. १९४४ मध्ये इनमन, साँडर्स आणि अ‍ॅबट या अमेरिकी संशोधकांनी तिचा हिशेब मांडला. १८० अंशांच्या या प्रवासातले सुमारे १२० अंश दंडाचे हाड खोबणीत फिरते आणि उरलेले ६० अंश फरा बरगड्यांवरून फिरून भरून काढतो. गळ्याचे हाडही सोबत वर उचलले जाते आणि स्वतःभोवती वळते. वाटेत दंडाच्या हाडाला बाहेरच्या बाजूला पीळ घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर त्याच्या माथ्यावरचा उंचवटा वरच्या हाडाच्या कमानीला अडतो आणि हात अर्ध्यावर थांबतो. म्हणजे जयजयकाराला एक हात वर करतानाही छातीपासून पाठीपर्यंत सगळा प्रदेश कामाला लागलेला असतो.

उचलणे सोपे आहे. धरून ठेवणे अवघड. एका हाताचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे विसाव्या भागाएवढे असते. ६० किलोच्या माणसाचा हात साधारण ३ किलोचा. एके काळी शाळेत हात वर करून उभे राहण्याची शिक्षा असे, ती भोगलेल्यांना हे ३ किलो आठवत असतील. काही मिनिटांत खांद्यावरचा मोठा स्नायू जळू लागतो, हात थरथरतो, बोटांतले रक्त उतरून मुंग्या येतात. ऊर्ध्वबाहूचे पहिले महिने याच यातनांचे असतात, आणि तिथे तपश्चर्या हा शब्द पूर्ण अर्थाने लागू पडतो. दर क्षणी हात खाली येऊ शकतो आणि दर क्षणी तो माणूस त्याला खाली येऊ देत नाही.

पुढे मात्र वेगळे काहीतरी घडू लागते.

न हलणाऱ्या सांध्याचे काय होते, हे कोणताही अस्थिरोगतज्ज्ञ सांगेल. प्लास्टर काढल्यावर फिजिओथेरपिस्ट हात हलवायची घाई करतात ती यासाठीच. सांध्याभोवतीची पिशवी आखडते आणि आहे त्या मापावर शिवल्यासारखी होते. आत चिवट तंतू वाढतात. कूर्चा पातळ होते, हाडातला चुना कमी होतो, न वापरलेले स्नायू सुकतात. काही महिने, मग काही वर्षे अशी गेली, की हाताला वर धरणारे स्नायू उरत नाहीत, आणि त्यांची गरजही उरत नाही. हात आता आखडलेल्या पिशवीच्या आणि दोरीसारख्या झालेल्या स्नायूंच्या बळावर वर आहे. साधू झोपला तरी तो वर राहील. साधूने व्रत सोडायचे ठरवले, तरीही वर राहील.

इथे प्रश्न अधिक टोकदार होतो. मोडता येण्याची शक्यताच संपली, तर त्या व्रताला व्रत म्हणायचे का? पहिल्या वर्षी हात वर ठेवणारी इच्छाशक्ती होती, दहाव्या वर्षी ते काम पिशवीतले तंतू करतात. तप माणसाचे की तंतूंचे?

या प्रश्नाला संन्यासाच्या बाजूने एक भक्कम उत्तर आहे आणि ते बाजूला सारणे अन्यायाचे होईल. संन्यास म्हणजेच परतीचा दोर कापणे. संन्यास घेणारा स्वतःचे श्राद्ध स्वतः उरकतो, ते पुन्हा घरी येता येऊ नये म्हणून. त्या दृष्टीने आखडलेला सांधा हे व्रताचे अपयश नसून त्याची पूर्तता आहे. जो निर्णय मनाने एकदा घेतला तो देहात उतरला आणि देहाने तो कायमचा केला. पतंजलीही आसन सिद्ध झाल्याची खूण म्हणून प्रयत्नाची शिथिलताच सांगतो. पण खांदा पाहिला की या शिथिलतेचे दोन अगदी वेगळे मार्ग दिसतात. वर्षानुवर्षांच्या सरावाने नर्तकीचा खांदा हवा तितकाच प्रयत्न करायला शिकतो आणि बाकीचा सोडून देतो. ऊर्ध्वबाहूचा खांदा प्रयत्न करण्याची क्षमताच गमावतो. बाहेरून दोन्ही सहज दिसतात. पतंजलीच्या मनात पहिला मार्ग असावा, असे मानायला जागा आहे, कारण त्याने स्थिरतेशेजारीच सुखही ठेवले.

दुसरे एक उदाहरण याच सांध्यातले. चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी बायकांना एक दिवस कळते, की वेणी घालायला हात मागे जात नाही. फ्रोझन शोल्डर हे नाव अमेरिकी शल्यविशारद कॉडमन यांनी १९३४ मध्ये रूढ केले. त्यातही पिशवीच आखडते आणि तंतूच वाढतात. एका खांद्यात ते ओढवले, दुसऱ्यात पत्करले. आखडलेल्या पिशवीकडे पाहून हा फरक कोणालाही ओळखता येणार नाही. पुण्य हाडात साठत नाही, एवढे तरी यातून निश्चित होते.

वर केलेल्या हाताची परंपरा जुनी आहे. महाभारताच्या शेवटी व्यास दोन्ही हात उंचावून आक्रोश करतात आणि कोणी ऐकत नाही. तिथेही शब्द ऊर्ध्वबाहूच आहे, पण तो हाक मारणाऱ्याचा हात आहे. वनपर्वात अर्जुन हात वर करून तप करतो, तो अस्त्रांसाठी. इ.स.पू. ३२६ मध्ये सिकंदर तक्षशिलेला आला, तेव्हा त्याच्या सोबतच्या ग्रीकांनी एका पायावर उभा राहून दोन्ही हातांनी तीन हात लांबीचा ओंडका उचलून धरलेला तपस्वी पाहिल्याची नोंद स्ट्रॅबोच्या ग्रंथात आली आहे. त्याच नोंदीत तो थकल्यावर पाय बदलत असल्याचेही लिहिले आहे. म्हणजे ते तप स्नायूंचे होते.

१७व्या शतकात मुघल दरबारी राहिलेला फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच प्रवासी शिकलेला वैद्य होता, म्हणून त्याची नोंद निराळी आहे. वर धरलेले हात पोषणाअभावी वाळले आहेत, सांधे आखडले आहेत, आणि त्यामुळे हे फकीर स्वतःच्या तोंडात घास घालू शकत नाहीत, हे त्याने नेमके टिपले. जवळ तरुण शिष्य असतात आणि ते मोठ्या आदराने त्यांची सेवा करतात, हेही.

आणि पूर्णपुरी. कनोजचा हा संन्यासी दोन्ही हात डोक्यावर धरून फिरला तो थेट मॉस्कोपर्यंत. रामेश्वर, सिंहलद्वीप, हिंगलाज, खुरासान, आस्त्राखान, बुखारा, समरकंद, नेपाळ, तिबेट, मानसरोवर. काशीचा इंग्रज रेसिडेंट जोनाथन डंकन याने १७९२ मध्ये त्याच्याकडून ही हकिगत ऐकून लिहून घेतली आणि पुढे ती 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये त्याच्या चित्रासह छापली गेली. हातांनी काही करायचे नाही असे ठरवलेल्या माणसाने पायांनी निम्मा आशिया पालथा घातला, हे वाचताना थक्क व्हायला होते. एका कर्मेंद्रियाचे काम थांबले आणि दुसऱ्याचे कैक पटींनी वाढले.

खांद्याची साक्ष नेमकी हीच आहे. हाताचे काम थांबवले, की ते शेजारच्या कोणाकडे तरी जाते.

अगदी काहीच न करणारा, नुसता लोंबता हातसुद्धा याला अपवाद नाही. हात खाली सोडून उभे राहिले, की त्याचे ३ किलो वजन सतत दंडाच्या माथ्याला खोबणीतून खाली ओढत असते. मग तो निसटत का नाही? १९५९ मध्ये बॅझ्मेजियन आणि बझांट यांनी स्नायूंतली विद्युत्-हालचाल मोजून पाहिली, तेव्हा मोठे स्नायू शांत असल्याचे आढळले. भार पेलत होती ती पिशवीच्या वरच्या भागातली ताणलेली पट्टी, आणि ओझे वाढले की तिच्या मदतीला येणारा फऱ्यावरचा एक छोटा स्नायू. अर्धांगवायूचा झटका आल्यावर या छोट्या स्नायूंचे बळ जाते, आणि काही आठवड्यांत हात खोबणीतून खाली ओघळू लागतो. खांद्याच्या टोकाखाली बोट मावेल एवढी फट लागते. तोवर हे स्नायू काय करत होते, हे कोणाच्या गावीही नसते.

श्रवणबेळगोळच्या टेकडीवर सुमारे ५७ फूट उंचीचा एकाश्म गोमटेश्वर, म्हणजे बाहुबली, असाच हात सोडून उभा आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस गंग राजाचा मंत्री चावुंडराय याने ही मूर्ती घडवली. तसे सांगणारा, तिच्या पायाशी कोरलेला लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजजवळही बाहुबलीची २८ फुटी मूर्ती आहे. नावच बाहुबली, ज्याचे बळ बाहूंत. भाऊ भरत याच्याशी राज्यासाठी द्वंद्व झाले, त्यात त्याने मारायला मूठ उगारली आणि ती हवेतच थांबली. उगारलेला हात रिकामा कसा परत घ्यायचा? श्वेतांबर परंपरा सांगते, की त्याच मुठीने त्याने स्वतःचे केस उपटले आणि दीक्षा घेतली. मग कायोत्सर्ग: देह सोडून दिल्यासारखे उभे राहणे, हात खाली, अंगाला न चिकटलेले. वर्षभर. पायाशी वारुळे झाली, वेली मांड्यांवरून दंडापर्यंत चढल्या. शिल्पकाराने त्या वेली दंडाला विळखे घालताना दाखवल्या आहेत, आणि वेल चढायला काय लागते, हे माळीही सांगेल: न हलणारा आधार.

एवढे होऊनही केवलज्ञान होईना. ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी आल्या आणि त्यांनी भावाला हत्तीवरून खाली उतरायला सांगितले. रानात उभ्या असलेल्या माणसाला हत्ती कुठला? तो अभिमानाचा होता. दिगंबर कथेत सल वेगळा आहे, आपल्यामुळे भरताला क्लेश झाला हा विचार. पण दोन्ही कथा एकाच जागी बोट ठेवतात. हात वर्षभर खाली होता, आणि उगारलेली मूठ आत कुठेतरी अजून वरच होती. गीतेचा तिसरा अध्याय कर्मेंद्रिये आवरून मनाने विषय घोळवत बसणाऱ्याला मिथ्याचारी म्हणतो, तो याच जागेवरून. बाहुबलीला तो शब्द कोणी लावणार नाही, त्याची धडपड खरी होती. म्हणूनच त्याची कथा जास्त मोलाची वाटते: खऱ्या साधकाच्या बाबतीतही कर्म हातातून निघाले आणि मनात जाऊन बसले.

गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे देतो: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, साधने, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवे दैव. एकट्या स्वतःला कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असेही तिथे म्हटले आहे. एक हात वर करायला किती हाडे, किती पट्ट्या, किती न जाणवणारे स्नायू लागतात हे पाहिल्यावर हे वाक्य उपदेशाचे न राहता निरीक्षणाचे होते. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडातला ऋषी तर हाच प्रश्न थेट अवयवांना धरून विचारतो. पुरुषाचे बाहू कोणी एकत्र आणले, खांदे धडावर कोणत्या देवाने बसवले? शतपथ ब्राह्मणाने हाडे ३६० मोजली, वर्षाच्या दिवसांइतकी. देह म्हणजे संवत्सर. सुश्रुताने मात्र वेदवादी ३६० म्हणतात हे नमूद करून शल्यतंत्रात ३०० असल्याचे सांगितले. प्रेत मुंज गवतात गुंडाळून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवावे आणि मग थर खरवडत पाहावे, अशी त्याची रीत. एका हातात त्याने ३० हाडे मोजली. आजही दंडापासून बोटांपर्यंत ३०च मोजतात, पण हिशेब वेगळा: त्याने प्रत्येक बोटाला तीन धरून १५ केली, अंगठ्यात दोनच असल्यामुळे ती १४ आहेत. आकडा जुळला तरी त्याची चूक दिसते, आणि ती दिसते म्हणूनच त्याच्याबद्दलचा आदर वाढतो. त्याने चूक सापडेल असा हिशेब मांडला.

महाराष्ट्राच्या देवाचा हात वर नाही आणि खालीही नाही. तो कमरेवर आहे. शस्त्र उगारलेले नाही, वर देणारा तळवा पुढे नाही. शंख आणि कमळ हातात असूनही पंजे कमरेला टेकलेले. शरीरशास्त्राने पाहिले तर ही वाट पाहणाऱ्याची उभे राहण्याची रीत आहे: दंड थोडा बाहेर, कोपर वाकलेले, आणि पंजा कमरेच्या हाडाच्या कडेवर. हाताचे वजन खांद्यावरून उतरून कमरेवर जाते. बराच वेळ उभे राहायचे असले, की शेताच्या बांधावर, एसटीच्या थांब्यावर माणसे आपोआप असेच हात ठेवतात. पाहिजे त्या क्षणी हात सुटून पुढे येऊ शकतो. कोणताही सांधा आखडत नाही.

बर्नियेच्या नोंदीतला तो तरुण शिष्य मात्र मनातून जात नाही. गुरूचे दोन्ही हात वर आहेत. जेवायची वेळ झाली. शिष्य पालथ्या पंजाने अन्न उचलतो. मग हाताच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचे हाड दुसऱ्यावरून लोळत जाते आणि पंजा उताणा होतो. स्वतःच्या तोंडाकडे जायचा असता तर कोपर पूर्ण मिटले असते. इथे ते उघडते, खांदा पुढे येतो आणि हात लांब जातो. घास गुरूच्या ओठांशी. दिवसातून कितीदा, वर्षानुवर्षे. त्या शिष्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

पंढरीच्या कथेत त्याला नाव आहे. पुंडलीक आईवडिलांचे पाय चेपत बसला आहे, दोन्ही अंगठे पोटऱ्यांवर, खांद्यांतून जोर येतो आहे. दाराशी कोणी आले आहे हे त्याला कळते. तो वीट भिरकावतो आणि हात पुन्हा पायांवर ठेवतो.